बॅकअपचा रकाना रिकामा सोडला होता मी (सरकारी क्लाऊडच्या कामात नवीन येणाऱ्या पोरांसाठी)

लातूर-नांदेडकडची पोरं सारखी मेसेज करायलेत, दादा सरकारी क्लाऊडच्या प्रोजेक्टवर घेतलंय, काय वाचू? म्हणून एकदाच टाईप करतो.

लिनक्स, व्हर्च्युअल मशीन वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही. ऑफिसात कूलर लावलेल्या खोलीतला सर्व्हर आता संपत आलाय. केंद्राच्या मेघराज या क्लाऊड योजनेखाली एनआयसीचा (सरकारची आयटी संस्था) नॅशनल क्लाऊड २०१४ पासून चालू आहे, त्यांची मोठी डेटा सेंटरं दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वरला, राज्यांची स्टेट डेटा सेंटरं वेगळी, आणि खाजगी क्लाऊड घ्यायचा तर एसटीक्यूसीचं (सरकारी तपासणी संस्था) ऑडिट झालेला, मेइटीच्या (केंद्राचं आयटी मंत्रालय) यादीतला, डेटा भारतातच. एवढं पुरे.

आता मी कुठं आपटलो ते ऐका. मशीन मागवायच्या फॉर्मात कोअर, रॅम, डिस्क, पोर्ट सगळं भरलं. खाली बॅकअपचा रकाना होता, कुठला फोल्डर, किती वेळानं, किती दिवस ठेवायचा. सिनिअर म्हणाले, "ते त्यांच्याकडून असतंच रे, सोड." सोडला. वर हुशारी म्हणून रोज रात्री डेटाबेसचा डम्प (पूर्ण कॉपी) काढायची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावली, आणि डम्प कुठं तर त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर! सात-आठ महिने सगळं गोड. मग मे महिन्यात एका शनिवारी फाईल सिस्टिम करप्ट झाली, मशीन उठंचना. डेटा सेंटरला फोन लावला तर पलीकडचा माणूस एकदम शांत, "सर, तुमच्या नावावर बॅकअप पॉलिसीच नाही."

वाचलो कशामुळं, तर टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर घेतलेली अकरा दिवसांपूर्वीची कॉपी होती (तशी घ्यायची पण नसते, ते वेगळं). अकरा दिवसांचे अर्ज कागदावरून परत टाईप करावे लागले, ऑपरेटर ताई दोन रविवार आल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

परत सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. क्लाऊडवाला मशीन चालू ठेवतो, आतला डेटा तुमचा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची कॉपी) त्याच स्टोरेजवर असला तर स्टोरेजसोबतच जातो, तो बॅकअप नव्हे. डीआर साईट (मुख्य सेंटर पडलं तर वापरायचं दुसरं, तिथं डेटा सतत उतरत राहतो) पण बॅकअप नव्हे, इकडं चुकून टेबल उडवलं की तिकडं पण उडतं. इंडोनेशियात जून २०२४ ला सरकारी डेटा सेंटरवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, दोनशेच्या वर सरकारी खाती अडकली, आणि कळलं की तिथल्या ९८ टक्के डेटाचा बॅकअपच नाही, सोय होती पण खात्यांनी घेतली नव्हती. म्हणजे माझाच रिकामा रकाना, देशाच्या मापाचा. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सेंटरात बॅटरीला आग लागून ६४७ सिस्टिम बंद पडल्या, सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायच्या जी-ड्राईव्हचा ८५८ टेराबाईट डेटा गेला, बाहेर कॉपीच नव्हती.

म्हणून रकाना भरा, मेलवर लेखी होकार घ्या, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप मी तरी धरत नाही.

बाकी थोडक्यात. सिक्युरिटी ऑडिट सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या ऑडिटरकडूनच होतं, त्याला वेळ लागतो, गो-लाईव्हची तारीख साहेबांना सांगायच्या आधी तो धरा. लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचेच, डिस्क भरली म्हणून उडवू नका. सर्टिफिकेटचे प्रश्न पाठ करून परीक्षा काढणारे लै बघितले, पहिल्याच फायरवॉल रिक्वेस्टला सोर्स आयपी कुठला अन् डेस्टिनेशन कुठला हेच कळत नाही. आणि "मी बघतो, तू टेन्शन घेऊ नको" म्हणणाऱ्या दादापासून जरा लांबच राहा, नाव फॉर्मवर तुमचं असतं. उलट जो चिडचिड करून का होईना पण तुमचा फॉर्म ओळ न ओळ वाचतो, त्याला धरून ठेवा.

पहिले तीन महिने काहीच कळणार नाही. मला सहा लागले, तिकिटाला (सिस्टिमवर आलेली तक्रार) काय उत्तर द्यायचं ते सुद्धा जुन्या तिकिटावरून उतरवायचो. इंग्रजी मेल दोनदा वाचावे लागतात, लागू द्या. कॉन्ट्रॅक्टचा पगार उशिरा येतो ते मात्र खरंय, घरी आधीच सांगून ठेवा.

फॉर्म भरताना अडलं तर विचारा, पण रात्री आठनंतर, दिवसा माझीच तिकिटं उरकत नाहीत.