आधी वजनकाटा: पोट बिघडलेलं पिल्लू घरी येण्याआधीची तयारी

येत्या रविवारी मांजरीचं दुसरं पिल्लू घरी येतंय. आठ आठवड्यांचं आहे, आणि ज्यांच्याकडून आणतेय त्यांनी आधीच सांगितलंय की शी पातळ होतेय. मागच्या खेपेला असंच एक पिल्लू आणलं होतं आणि माझ्या एका चुकीपायी ते हातचं जायची वेळ आली होती. म्हणून या वेळी सगळं लिहून काढतेय. तुमच्याकडे असं पिल्लू येणार असेल तर तुम्हालाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी वजनकाटा. टोपलीच्या, अंथरुणाच्या, खेळण्यांच्याही आधी. स्वयंपाकघरात जिन्नस मोजायला वापरतात तसला, एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. माणसांचा काटा चालणार नाही. त्यावर पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक धड कळत नाही, आणि इथे जगणं-मरणं तेवढ्यावरच ठरतं. मागच्या वेळी माझ्याकडे ट्रे होता, रेती होती, दोन प्रकारचं खाणं होतं, मऊ गादी होती. काटा नव्हता. पिल्लाला जुलाब होत होते, पण ते खात होतं, दोऱ्यामागे धावत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पाचव्या दिवशी सकाळी ते उठेना. डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं, ५४० ग्रॅम भरलं. त्यांनी विचारलं, "आणलं तेव्हा किती होतं?" मला उत्तर देता येईना. ज्यांच्याकडून आणलं त्यांना तिथूनच फोन केला, तर त्यांच्या वहीत ६३० लिहिलेलं होतं. पाच दिवसांत अंगाचा सातवा हिस्सा गेला होता, आणि मी रोज त्याला मांडीवर घेऊन बसत होते. पिल्लाची लव इतकी फुललेली असते की आतलं अंग वाळलेलं हाताला जाणवत नाही. काट्याला मात्र पहिल्याच दिवशी कळलं असतं. दोन दिवस सलाईन लावून ते वाचलं, पण तसं बघायची वेळ पुन्हा नको.

म्हणून पिल्लू हातात घ्यायच्या आधी देणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो वजनाचा: शेवटचं कधी केलं, किती भरलं. मग बाकीचं. काय खातंय, दिवसातून किती वेळा, जंताचं औषध कोणतं आणि कोणत्या तारखेला दिलं, लस झालीय का, बरोबरच्या भावंडांनाही जुलाब होते का. जे खाणं चालू आहे तेच आठवडाभर पुरेल इतकं आणून ठेवा. तुमच्या मते ते हलकं असेल, तुम्ही त्याहून चांगलं आणलं असेल, तरीही. जागा बदलली, आई सुटली, वर खाणंही बदललं, तर चांगलं पोटसुद्धा बिघडतं. इथे तर ते आधीच बिघडलेलं आहे. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही तर शी घट्ट होईपर्यंत खाणं बदलूच नका. नंतर बदलायचं झालं तरी सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण.

दूध नको. पिल्लू दूध पितं हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, आणि गाईचं दूध जुलाब वाढवतं. पाणी मात्र दोन-तीन ठिकाणी, उथळ भांड्यात.

आणखी एक: पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका. मोठ्या जनावराबाबतचा हा सल्ला लोक पिल्लालाही देतात. एवढ्याशा अंगात साठा नसतो, काही तासांत रक्तातली साखर उतरते आणि पिल्लू मलूल होतं. थोडं थोडं, दिवसातून चार ते सहा वेळा द्या. पण अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्यायची, मग खाणं; गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली टोपलीत एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर पिल्लाला दूर सरकता येईल.

डॉक्टरांची वेळ पिल्लू येण्याआधीच घेऊन ठेवा, आल्याच्या दुसऱ्या दिवशीची. जाताना शीचा नमुना न्यायचा: ताजा, रेती कमीत कमी लागलेला, स्वच्छ झाकणाच्या डबीत. लगेच जाता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याच दिवशी पोहोचवा. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोजच्या शीत उतरतोच असं नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने मागतात. "जंताचं औषध दिलंय" एवढ्यावरही समाधान मानू नका. पिल्लांना सहसा देतात त्या औषधाने गोल जंत पडतात. कॉक्सिडिया (हाही तसाच सूक्ष्म परजीवी) आणि जिआर्डिया हे जंत नव्हेतच, त्यांची औषधं निराळी. आणि यातलं प्रत्येक औषध वजनावर मोजून देतात. पुन्हा वजनच! गेल्या आठवड्याचं वजन धरून दिलेला डोस आज जास्त होऊ शकतो किंवा कमी पडू शकतो.

घरातली माणसांची औषधं पिल्लाच्या तोंडाजवळही नेऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. गोळीचा तुकडाही पुरतो. जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्याही स्वतःच्या मनाने देऊ नका. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध असतं, त्यात परमेथ्रिन असेल तर तेही मांजराला विष आहे. डॉक्टरांनी तोंडावाटे काही द्यायला सांगितलं तर सुई नसलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने, पिल्लू पोटावर बसलेलं असताना द्या. उताणं धरून कधीच नाही. औषध श्वासनलिकेत जातं.

आता रोजचं. सकाळी, खाण्याआधी, एकाच वेळेला वजन. काट्यावर खोलगट भांडं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, पिल्लू आत. वळवळत असेल तर भांड्यात कापड घाला. शेजारी वही: तारीख, वजन, शी किती वेळा, कशी. कशी म्हणजे आकार धरणारी, लापशीसारखी, की पाण्यासारखी. शीत शेंबडासारखं चिकट काही होतं का, रक्त होतं का. या वयात निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. एखाद्या दिवशी आकडा तिथेच राहिला तर लक्ष ठेवा. खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, मग पिल्लू कितीही उड्या मारत असो. मी त्या उड्यांवरच भरवसा ठेवला होता. खातंय, खेळतंय, म्हणजे बरं आहे, असं नाही. वजन करा.

अंगातलं पाणी कमी झालंय का ते हिरड्यांवरून बघा. बोट लावल्यावर ओल्या, गुळगुळीत लागायला हव्यात. चिकट लागल्या तर पाणी कमी पडलंय. मानेची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत एवढ्या लहान पिल्लात फसवते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका, रात्र असली तरी निघा: जुलाबाबरोबर उलट्या, शीत रक्त किंवा काळी शी, पिल्लाने बारा तास काही न खाणं, अंग गार पडणं, पांढऱ्या फटक हिरड्या, हाक मारूनही मान न उचलणं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवातही अशीच होते आणि त्यात तासातासाचा हिशेब असतो. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच शोधून नंबर लिहून ठेवा.

घरात दुसरं मांजर असेल तर किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळा ट्रे, वेगळी भांडी, मध्ये हात धुणं. रेती गोळे धरणारी नको. लहान पिल्लं ती खातात. ट्रे दिवसातून दोनदा साफ करा. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावं. कापडं गरम पाण्यात धुवून खडखडीत वाळवा, जिआर्डियाला कोरडेपणा सोसत नाही. मागची बाजू माखली तर कोमट पाणी आणि कापूस, घासू नका, साबण नको. मलम विचारून लावा, कारण ते चाटलं जाणार. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

बाकी न्यायची पेटी, जुने टॉवेल, खेळणी वगैरे. जेमतेम पुरेल एवढी खोली आवरून झालीय. वहीत पहिल्या पानावर रविवारची तारीख आणि "आणलं तेव्हाचं वजन" लिहून पुढची जागा मोकळी ठेवलीय. काट्याचे सेल बदललेत, जादा जोडही आणलाय.