टेकडीवरची बंद सायकलवाट पुन्हा उघडण्याआधी

कुदळ-फावडी गोळा करायची घाई नको. पुण्याच्या टेकड्यांवरची एखादी वाट वळवून पुन्हा सुरू करायची असेल, तर पहिलं काम भर पावसातलं आणि रिकाम्या हातांचं. मोठी सर येऊन गेली की वर जा आणि पाणी कुठून उतरतंय ते बघा, फोनवर टिपून ठेवा. वाट सरळ उताराच्या दिशेनं खाली गेलेली असली की चाकोरीत पाणी शिरतं, मुरूम वाहून जातो आणि वाटेची घळ होते. मग सगळे घळीच्या कडेनं जाऊ लागतात आणि गवत तुडवलं जातं.

परवानगी लेखीच घ्या. राखीव वनात विनापरवाना जमीन खणणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आधी वनरक्षकाला जागेवर न्या, मग नकाशा जोडून वनक्षेत्रपालांकडे अर्ज करा. तोंडी 'करा हो'वर विसंबू नका. साहेबांची बदली होते.

गुराखी आणि पहाटे फिरायला येणारे आजी-आजोबा यांना आखणीच्या दिवशीच सोबत घ्या, आखून झाल्यावर नाही. गुरं पाण्यावर कुठून जातात हे गुराख्यालाच ठाऊक. फिरायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, सायकलवाले मागून अचानक येतात. ती खरी आहे. घंटी लावाच, पण आंधळ्या वळणाआधी थोडा चढ ठेवला तर वेग आपोआप उतरतो.

नवी वाट टेकडीला आडवी काढा. तिचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा मीटरला फार तर एक मीटर. दरीकडची कड किंचित उतरती ठेवा, अधूनमधून छोटा खोलगटपणा द्या, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता बाहेर पडेल. झुडपांना रिबिनी बांधा आणि आठवडाभर सगळ्यांना चालून बघू द्या. एक-दोन रिबिनी हलवाव्या लागतातच.

खणायला दसरा-दिवाळीचे दिवस बरे. मुरूम ओलसर असतो, दाबला की बसतो, आणि उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीचा हंगामही सरलेला असतो. टिकाव, फावडी, पहार, हातमोजे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी घ्या. घमेली वाटतात त्यापेक्षा दोन जास्तच घ्या.

सगळ्यांत जास्त टाळलं जातं ते जुनी वाट बुजवण्याचं काम. तोंडाशी काटे टाकून भागत नाही, लोक ते बाजूला सारतात. नव्या वाटेवरून दिसेल तेवढा जुना भाग उकरून भुसभुशीत करा, आडवे दगड रोवा, वर वाळलेलं गवत पसरा. वाट दिसलीच नाही तर मोहही होत नाही.

पहिले काही आठवडे चालणाऱ्यांना आणि गुरांना जाऊ द्या, माती बसेल, मग सायकली. आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर फावडं घेऊन कोण वर जाणार, ती दोन नावं आत्ताच लिहून ठेवा.