नियमामुळे खर्च वाढला? खासदाराला पत्र लिहायच्या आधी हे करा

समजा तुम्ही घरगुती लोणची-मसाले विकता, १०,००० लेबलं नुकतीच छापून आणलीत आणि नवा नियम आला की लेबलावरचा मजकूर बदला, म्हणजे झाली सगळी रद्दी. ग्रुपवर फॉरवर्ड मारत बसण्यापेक्षा आधी ई-गॅझेटवरून (सरकारी राजपत्राची वेबसाइट) मूळ नोटिफिकेशन काढा, बातमीचं कात्रण नको. सुरुवातीलाच 'अमुक कायद्याच्या तमुक कलमाने मिळालेले अधिकार वापरून' असं लिहिलेलं असतं, ते कलम टिपून घ्या.

मग त्या कायद्याची शेवटची पानं उघडा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम ९३ आहे, सरकारचा नियम असो की अन्न प्राधिकरणाचं रेग्युलेशन, संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवायचं आणि बदलायला किंवा रद्द करायला दोन्हींनी होकार दिला तर ते बदलतं किंवा रद्द होतं. पण आधी जे झालं ते तसंच राहतं, त्यामुळे लेबलांचे पैसे काही परत येत नाहीत. खरं तर कलम ९२ प्रमाणे रेग्युलेशन आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावं लागतं, हरकत तेव्हाच पाठवलेली बरी (तेव्हा आपण झोपलेलो असतो, ते सोडा).

आता पत्र. 'आमच्यावर अन्याय होतोय' छाप चार पानं कोणी वाचत नाही, एकच पान लिहा. गॅझेटचा नंबर, कलम, नियम पटलावर कधी ठेवला ती तारीख, आणि हिशोब: लेबलं किती, छपाईचा दर काय, लॅब टेस्टला किती, वर्षाची उलाढाल किती. मागण्या दोनच. लहान उत्पादकाला किती खर्च येईल हे मंत्रालयाने काढलं होतं का असा प्रश्न सभागृहात विचारा, आणि जमलं तर स्टॅट्युटरी मोशन (नियम बदला किंवा रद्द करा असा सभागृहातला प्रस्ताव) आणा.

एक कॉपी सबऑर्डिनेट लेजिस्लेशन कमिटीला (कायद्याखाली केलेले नियम तपासणारी संसदेची समिती). दोन्ही सभागृहांची वेगवेगळी असते, १५ सदस्य, मंत्री एकही नाही. पण ही कमिटी मुख्यतः नियम मूळ कायद्याच्या बाहेर गेलाय का ते बघते, म्हणून तिथे नुसता खर्चाचं रडगाणं चालत नाही, कायद्यात नसलेलं काय घुसवलंय ते दाखवा.

नियम लगेच रद्द होईल असं मात्र धरून चालू नका. मे २०१२ मध्ये तेव्हाचे खासदार पी. राजीव यांनी इंटरनेटबद्दलच्या २०११ च्या आयटी नियमांविरुद्ध राज्यसभेत असंच मोशन आणलं, ते पडलं, पण तेव्हाचे मंत्री कपिल सिब्बल यांना सगळ्यांशी चर्चा करू असं सभागृहात सांगावं लागलं. असं आश्वासन पाळलं जातंय का हे बघायला वेगळी समिती असते, त्यामुळे मंत्री काय बोलले ते तारखेसकट लिहून ठेवा.