मराठवाड्याच्या उन्हात वाईनचा २० किलोचा घाणा

फ्रान्स-इटलीत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. पुढे थंडी लागते आणि तळघरं आपोआप गार राहतात. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि समोर उन्हाळा उभा असतो. म्हणून माल कडवंचीचा असो की औशाचा, युरोपातली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही.

आधी कायद्याचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाईन करणं गुन्हा आहे, अगदी घरीसुद्धा. पुढची कृती परवानाधारक युनिटमधल्या चाचणी घाण्यासाठी आहे.

शिराझ किंवा कॅबरने ही वाईनची द्राक्षं मिळाली तर उत्तम. गोडी २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्केच) झाल्यावर पहाटे तोडा. दुपारचा तापलेला माल टाकीत आला की पहिल्याच दिवशी हरलात. शरद सीडलेससारखं खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सवरच असेल, तर २२ पर्यंत नेण्यासाठी लिटरमागे ५० ते ५५ ग्रॅम साखर लागते. साखर घालण्याचा हा मार्ग नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याने फ्रान्समध्ये रूढ केला. आपल्याकडे खरी अडचण आंबटपणाची. उन्हाने द्राक्षातलं आम्ल झपाट्याने उतरतं. पीएच (हा आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ३.६ च्या वर दिसला तर लिटरमागे १ ग्रॅम टार्टारिक आम्ल घाला, पुन्हा मोजा. लिंबू पिळू नका, चव भलतीकडे जाते.

देठ काढून द्राक्षं हाताने चिरडा. मिक्सरमध्ये बिया फुटून कडवटपणा येतो. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम टाळून ३० लिटरचा फूडग्रेड डबा किंवा स्टील घ्या आणि वर एक तृतीयांश जागा मोकळी सोडा. २० किलोला १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (नको ते जंतू रोखणारी पूड) मिसळून २४ तास थांबा. मग वाईनचं ५ ग्रॅम यीस्ट ३७-३८ अंशांच्या ५० मिली पाण्यात वीस मिनिटं भिजवून घाला. रस आणि यीस्टच्या पाण्यात १० अंशांहून जास्त फरक नको, नाहीतर निम्मं यीस्ट तिथेच दगावतं.

पुढचे सहा-सात दिवस थर्मामीटर हाताशी ठेवा. रस आंबताना स्वतःही तापतो. २२ ते २८ अंश चांगले. ३२ च्या पुढे यीस्ट थकतं आणि ३५ ला बहुतेकदा थांबतंच. साखर तशीच उरते, ती जिवाणूंच्या तावडीत सापडते. डबा पाण्याच्या परातीत ठेवून ओलं गोणपाट गुंडाळा; आपल्या कोरड्या हवेत हा उपाय कूलरसारखा काम करतो. तरीही पारा चढला तर एक लिटर गोठवलेल्या पाण्याची स्वच्छ बाटली आत सोडा, २० लिटर रस चार-पाच अंश उतरतो. दिवसातून तीनदा वर आलेली सालं खाली दाबा. खोलीत वारा खेळता ठेवा, कारण कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो.

सडक्या अंड्याचा वास आला तर बहुधा भुरी रोगासाठी मारलेलं गंधक द्राक्षावर राहिलंय, किंवा यीस्टला नत्र कमी पडलंय. लवकर लक्षात आलं तर लिटरमागे पाव ग्रॅम डीएपी (नत्र देणारं डायअमोनियम फॉस्फेट; फूडग्रेड, खताचं नव्हे) घालून जोरात ढवळा.

घनता मोजणारा हायड्रोमीटर १.००० च्या खाली आला की सालं पिळून रस काढा. २० किलोतून १२-१३ लिटर मिळतो. आता हवा शत्रू. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच) लावून भांडं गळ्यापर्यंत भरा. जागा सुटली, चिलटं शिरली की सिरका झालाच समजा. दोन-तीन आठवड्यांनी गाळ सोडून वरची वाईन नळीने काढा आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम मेटाबायसल्फाइट द्या.

हौसेने साध्या माठात साठवू नका, तो श्वास घेतो. जॉर्जियात ८००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत वाईनचे अंश सापडलेत आणि आजही तिथे क्वेव्री नावाचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, पण आतून मेण चोपडून. रोमन लोक राळ लावत. पहिल्या शतकात तेर-पैठणचा माल जिथून बाहेर जायचा, त्या भडोच बंदरात इटलीची वाईन उतरायची, ती अशाच भांड्यांतून.

बाटलीत भरण्याची घाई नको. घनता ०.९९५ च्या आसपास दोन आठवडे जागची हलली नाही, तरच बूच मारा; साखर उरली असेल तर मे महिन्यात बाटल्या फुटतात.