तिथी बघा, मगच खडकांवर उतरा

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरचे जीव पाहायचे तर कार्टर रोडला किंवा हाजी अलीला ओहोटीलाच जा. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. नेमकी वेळ मोबाइलवर पाहाच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं. तासभर आधी उतरा, पाणी वळलं की मागे फिरा.

बूट पकडीचे हवेत, चपला शेवाळावर दगा देतात. डबक्याशी उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. थोड्या वेळात ‘रिकामा’ शंख पाय काढून चालू लागतो, आत खेकडा असतो! उचलू मात्र नका.

पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत निळे फुगे, म्हणजे ‘ब्लूबॉटल’ हे जेलीफिशसारखे समुद्री जीव, दिसले तर लांब राहा. मेलेलेही डंख मारतात.