मोटरहोममधली गळती शोधायला टिश्यू पेपर

मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) सगळे नळ बंद असतानाही पाण्याचा पंप मध्येच दोन सेकंद घरघरतो? (बहुतेक वेळा हे रात्रीच लक्षात येतं.) म्हणजे बहुधा कुठल्या तरी जोडातून पाणी झिरपतंय. टॉर्च घेऊन कोपरे धुंडाळत बसू नका, थेंब एवढा बारीक असतो की दिसतच नाही.

१. पंप बंद करा, नळ उघडून पाइपातला दाब सोडा, नळ पुन्हा बंद करा.
२. सिंकखाली, टॉयलेटमागे, गीझरजवळ, पंपाच्या दोन्ही टोकांना, हात पोचेल तो प्रत्येक जोड फडक्याने कोरडा पुसा आणि त्यावर टिश्यूचा एक वेढा द्या.
३. पंप सुरू करून अर्धा तास थांबा. ओला झालेला टिश्यू जागा दाखवतो.

तो जोड आवळण्याआधी पंप बंद करून दाब सोडा. नट हातानेच आवळा. पाना लावलात तर प्लॅस्टिकचा नट तडकतो आणि थेंबाची धार होते. तरीही झिरपलं, तर आतला रबरी वॉशर बदला.

सगळे टिश्यू कोरडेच राहिले? मग पाणी मागे जाऊ न देणारी पंपातली झडप (चेक व्हॉल्व्ह) पाणी टाकीत परत सोडत असेल. झोपताना पंप बंद ठेवा, दुरुस्ती मुक्कामी पोचल्यावर.