क्वेबेकमधील फ्रेंच पूर्वज शोधताना दोन्ही आडनावे तपासा

सतराव्या-अठराव्या शतकातील न्यू फ्रान्स या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे कॅनडातील आजच्या क्वेबेकच्या परिसरात, वसलेल्या पूर्वजांचा माग काढताना एकाच आडनावावर विसंबू नये. तेथे मूळ आडनावानंतर ‘दी’ (म्हणजे ‘उर्फ’) हा शब्द जोडून दुसरे नाव लावण्याची पद्धत होती. हे दुसरे नाव कधी सैन्यात मिळालेले असे, कधी जमिनीवरून किंवा मूळ गावावरून आलेले असे. उदाहरणार्थ, ‘मिव्हील दी देशेन’ घराण्याच्या पुढच्या पिढीत एक भाऊ मिव्हील म्हणून नोंदला जाई, तर दुसरा देशेन म्हणून. त्यामुळे घराण्याला जोडलेली सर्व नावे आधी लिहून काढावीत आणि प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्यावा. अमेरिकेत गेलेल्या काही कुटुंबांनी तर आडनावाचे सरळ भाषांतरच केले. बुआव्हेरचे (फ्रेंचमध्ये ‘हिरवे वन’) ग्रीनवुड झाले.

सुरुवात शक्यतो चर्चमधील विवाहनोंदीपासून करावी, कारण पहिल्या विवाहाच्या नोंदीत साधारणपणे वधूवरांच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, सापडतात. पुनर्विवाहाच्या नोंदीत मात्र पुष्कळदा आईवडिलांऐवजी दिवंगत जोडीदाराचेच नाव असते. अशा वेळी आधीचा विवाह शोधण्यावाचून गत्यंतर नाही. स्त्रिया कायदेशीर कागदपत्रांत जन्मभर माहेरचेच आडनाव लावीत, ही संशोधकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. पान जळालेले किंवा अवाचनीय असल्यास दुसऱ्या प्रतीची चौकशी करावी, कारण १६७९ पासून नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवल्या जात आणि त्यांपैकी एक न्यायालयाकडे जाई.